एक कुंडी भेट म्हणून

मुलांनो, घरी आई म्हणते, "कुंडी लगा दो." तुम्ही उठता आणि दाराला आतून कडी घालता. पण शेजारच्या मराठी काकू जर म्हणाल्या, "बाळ, जरा ती कुंडी इकडे सरकव," तर दाराकडे धावू नका! ज्याला तुम्ही घरी 'गमला' म्हणता, त्यालाच मराठीत 'कुंडी' म्हणतात. या पाठात आपल्याला अशीच एक कुंडी रंगवायची आहे, तिच्यात रोप लावायचे आहे आणि ती कोणाला तरी भेट द्यायची आहे.

भेट म्हटली की आधी पैशांचा प्रश्न येतो. मला तो प्रश्न फार लहानपणी पडला. तेव्हा मी सातवीत होतो. आमची शाळा कल्याणला होती. शाळेत झाडलोट करणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या आणि पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला हळद लावणाऱ्या एक बाई होत्या. आम्ही सर्व त्यांना 'खाला' म्हणत असू. मराठी शाळेत अशा बाईंना 'मावशी' म्हणतात. शब्द दोन, नाते एकच! त्या वर्षी खाला निवृत्त होणार होत्या. वर्गाने वर्गणी काढायचे ठरवले. माझे वडील भिवंडीला यंत्रमागावर काम करत. त्या महिन्यात माग बंद होते. घरात वर्गणीची गोष्ट काढण्याचे धाडस मला झाले नाही. मॉनिटर वही घेऊन माझ्या बाकापाशी आला, तेव्हा मी म्हणालो, "मी माझी भेट वेगळी देणार आहे."

बोलून तर गेलो, पण द्यायचे काय? आमच्या गॅलरीत एक रिकामी कुंडी पडली होती. मी ती रंगवली. ती कशी रंगवली आणि पुढे तिचे काय झाले, ते शेवटी सांगेन. आधी मी जे करायला हवे होते ते तुम्हांला सांगतो, म्हणजे माझी चूक तुमच्या हातून होणार नाही.

कुंडी शक्यतो मातीचीच घ्या. रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या कुंड्या मिळतात. त्या हलक्या असतात, पडल्या तरी फुटत नाहीत. पण भाजलेल्या मातीत एक गुण आहे, तो प्लॅस्टिकमध्ये नाही. उन्हाळ्यात तुम्ही माठातले पाणी पिता. माठ बाहेरून नेहमी ओलसर असतो. मातीच्या अंगात अतिशय बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड राहते. कुंडीचेही तसेच आहे. तिच्या अंगातून जादा ओल निघून जाते आणि मुळांना हवा मिळते. मुळांनाही हवा लागते, हे पुष्कळ लोक विसरतात. झाड पाण्यावाचून सुकते हे सर्वांना ठाऊक असते, पण घरातील कुंड्यांमधली कितीतरी झाडे पाण्याच्या अतिरेकाने मरतात.

कुंडीच्या तळाला एक भोक असते. हे भोक कुंभाराने विचार करून पाडलेले असते. माती ओली असतानाच तो बोटाने ते पाडतो आणि मग कुंडी भट्टीत भाजतो. मुंबईत धारावीला कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ती वस्ती. तेथे आजही चाके फिरताना दिसतात. आपल्या जवळच्या डोंबिवलीत पश्चिमेला कुंभारखाणपाडा नावाचा भाग आहे. त्या नावातच कुंभार आहे आणि खाणही आहे. तुम्ही तिकडे राहत असाल, तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला या नावाबद्दल जरूर विचारा.

भेट देण्यासाठी सहा इंची कुंडी पुरते. घेताना बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करा. खणखणीत आवाज आला, तर कुंडी चांगली. बद्द आवाज आला, तर कोठेतरी चीर आहे असे समजा. घरी आणल्यावर ती ओल्या फडक्याने पुसा, खरखरीत पॉलिश पेपरने हलकेच घासा आणि एक दिवस उन्हात वाळवा. ओल्या कुंडीवर रंग लावला, तर तो पोपड्यांसारखा सुटतो.

कुंडी विकत घेणे जमत नसेल तर काय करावे? चहाचा किंवा तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो. त्याची कड मात्र फार धारदार असते. ती मोठ्या माणसाकडून ठोकून आत वळवून घ्या. तळाला खिळ्याने चार-पाच भोके पाडा. भिवंडीतील मुलांना डबा सजवण्यासाठी बाजारात जायलाच नको. कांडीवर उरलेला रंगीत धागा डब्याला जवळजवळ गुंडाळला की डबा ओळखू येत नाही. अशी कुंडी घरात खिडकीपाशीच ठेवावी. पावसात भिजला की धागा कुजतो आणि पत्राही गंजतो.

आता रंगाकडे वळू. रंग फक्त बाहेरून लावायचा. आतून कधीही लावायचा नाही. आतून रंग लावला की मातीची सगळी छिद्रे बुजतात. बाहेरसुद्धा संपूर्ण कुंडी तेलरंगाने माखू नका. थोडी माती उघडी राहू द्या. गेरू स्वस्त असतो आणि मातीवर शोभतो, पण तो पाण्याने निघतो. म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा. ॲक्रिलिक रंग मिळाला तर उत्तमच, कारण तो वाळल्यावर सहज धुऊन जात नाही. एखाद्या इमारतीत रंगकाम चालू असेल, तर रंगाऱ्याकाकांना विचारून पाहा. डब्याच्या तळाशी उरलेला भिंतीचा रंग ते कित्येकदा आनंदाने देतात.

कुंडीवर चित्र कशाचे काढावे? पुष्कळ मुले टिकल्या, आरसे आणि चमकी चिकटवतात. मला ते फारसे आवडत नाही. दोन वेळा पाणी घातले की टिकल्या गळू लागतात. त्यापेक्षा आपल्याच डोंगरांत जन्मलेली एक चित्रकला आहे, ती पाहा.

डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा नवा जिल्हा झाला आणि ते तिकडे गेले. या भागात वारली लोक राहतात. त्यांच्या कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या असतात. त्यांवर गेरूचा हात फिरवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात. बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला तयार! घरात लग्न असले म्हणजे स्त्रिया भिंतीवर चौक काढतात. त्या चौकात पालघट देवी असते. बाजूला झाडे, पाखरे, शेते, नाचणारी माणसे असतात. एवढ्या मोठ्या चित्राला आकार मात्र तीनच लागतात : वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले की माणसाचे धड झाले. वर एक टिंब म्हणजे डोके. चार रेषा म्हणजे हातपाय. ज्याला चित्रकलेत नेहमी कमी गुण मिळतात, त्यालाही हा माणूस काढता येतो. फक्त तो नाचतो आहे असे वाटायला हवे. तेथे मात्र खरी कसोटी लागते.

ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणि तेथून जगभर गेली, त्यात जिव्या सोमा म्हसे यांचा मोठा वाटा आहे. ते डहाणू तालुक्यातले. लहानपणी त्यांची आई वारली. त्या धक्क्याने त्यांचे बोलणेच थांबले. पुढे कित्येक वर्षे ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगत. पूर्वी ही चित्रे स्त्रियाच काढत. म्हसे यांनी ती रोजच काढायला सुरुवात केली. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली. २०१८ साली त्यांचे निधन झाले. तुम्ही त्यांच्या पद्धतीचे चित्र काढाल, तेव्हा भेट देताना सांगा, "ही वारली चित्रकला आहे." ज्याची कला त्याचे नाव घ्यावे.

वारली चित्रांत तारपा नाच फार सुंदर असतो. तारपा म्हणजे वाळलेल्या दुधी भोपळ्यापासून केलेले, फुंकून वाजवायचे वाद्य. वाजवणारा मध्ये उभा असतो आणि त्याच्याभोवती हातांत हात गुंफून माणसे गोल गोल नाचतात. भिंतीवर हा नाच काढताना रांगेला सुरुवात आणि शेवट असतो. कुंडी तर गोलच असते! शेवटचा माणूस पहिल्या माणसाचा हात धरतो आणि नाच संपतच नाही. कुंडी भिंतीपेक्षा लहान असली, तरी या एका बाबतीत ती भिंतीच्या पुढे आहे.

माणसे एका रेषेत यावीत म्हणून कुंडीला एक रबर बँड घाला. त्याच्या कडेने खडूने पुसट रेघ ओढा. कुंडी उलटी करून एखाद्या जड बाटलीवर बसवा, म्हणजे हात न लावता ती फिरवता येते. चित्रही उलटेच काढावे लागेल, हे विसरू नका! माझ्या एका मित्राची सगळी माणसे डोक्यावर नाचत होती. आधी गेरूचा थर द्या. तो पूर्ण वाळला की पांढऱ्या रंगाने माणसे काढा. कुंचला नसेल तर काडेपेटीतली काडी घ्या. ज्याला वारली नको असेल, त्याने जाळीची नक्षी काढावी किंवा पानाफुलांची वेल काढावी. एका बाजूला ज्याला भेट द्यायची त्याचे नाव उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिले तरी छान दिसते. एक नाव उजवीकडून सुरू होते, एक डावीकडून.

रंगवलेली कुंडी सावलीत दोन दिवस वाळू द्या. मग फुटक्या कुंडीचा किंवा कौलाचा एक तुकडा घ्या. तो तळाच्या भोकावर पालथा ठेवा. त्यामुळे माती वाहून जात नाही आणि पाणी मात्र निघून जाते. दोन वाटे चांगली माती, एक वाटा कुजलेले शेणखत आणि थोडी रेती एकत्र करा. कुंडी काठोकाठ भरू नका. वर एक इंच जागा सोडा, नाहीतर पाणी घालताच माती खाली वाहील.

रोपाला पैसे पडत नाहीत, मागावे लागते. मागायला लाजू नका. झाडे लावणाऱ्या माणसांना फांदी मागितली की बहुधा आनंदच होतो. कोरफडीच्या बुंध्याशी लहान पिले येतात, त्यांतले एक अलगद वेगळे करून लावा. पानफुटीची तर गंमतच आहे. तिचे नुसते पान ओल्या मातीवर ठेवले की काही दिवसांत पानाच्या कडेला इवलीशी रोपे फुटतात. बाजारातून आणलेल्या पुदिन्याची पाने चटणीत गेली की दांडे फेकू नका. ते पाण्यात उभे ठेवा. आठ-पंधरा दिवसांत त्यांना पांढरी मुळे येतात. मनी प्लांटची वेलही पाण्यात वाढते. ज्या घरात रांगते बाळ असेल, तेथे मात्र ती देऊ नका. तिची पाने चावली तर तोंडाची आग होते.

भेट निदान पंधरा दिवस आधी तयार करा. रोप नव्या मातीत रुजायला तेवढे दिवस हवेत. आज लावले आणि उद्या दिले, तर ते चार दिवसांनी मान टाकते आणि ज्याला भेट दिली त्याला उगाच अपराधी वाटते. भेटीसोबत एक चिठ्ठी द्या : पाणी किती दिवसांनी घालायचे, ऊन किती लागते. खालच्या थाळीत पाणी साठू देऊ नका, हेही लिहा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. आठवड्यातून एकदा तरी थाळी रिकामी करून घासून ठेवावी.

ठाण्याला किंवा मुंब्र्याला कुंडी लोकलने न्यायची असेल, तर त्या सकाळी पाणी घालू नका. आदल्या दिवशी घाला. नाहीतर शेजारच्या प्रवाशाची पँट चिखलाने भरते आणि पुढचे सारे स्टेशन येईपर्यंत ऐकून घ्यावे लागते. कुंडी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून महाराष्ट्रात बंदी आहेच.

आता माझ्या कुंडीची गोष्ट. मी ती निळ्या तेलरंगाने बाहेरून रंगवली आणि आतूनही रंगवली. वाटले, आत कशाला कमी करावे? शिवाय खालांच्या घरात पाणी गळू नये म्हणून तळाच्या भोकात सिमेंट भरून ते बुजवून टाकले. निळ्या रंगावर तारपा नाच काढला. तो मात्र खरोखर चांगला जमला होता. कुंडीत सदाफुली लावली. निरोपाच्या दिवशी वर्गाने खालांना भिंतीवरचे घड्याळ दिले. माझी कुंडी शेवटी आली. खालांनी ती दोन्ही हातांनी घेतली. कल्याणहून मुंब्र्यापर्यंत त्या ती मांडीवर घेऊन गेल्या, असे त्यांच्या मुलाने नंतर मला सांगितले. मी आठवडाभर हवेत होतो.

तो पावसाळा होता. पुढे ईदला मी वडिलांबरोबर त्यांच्याकडे गेलो. भिंतीवर घड्याळ टिकटिक करत होते. खिडकीत माझी कुंडी नव्हती. मी इकडेतिकडे पाहिले. ती स्वयंपाकघरात ओट्यावर होती. तिच्यात पळ्या, झारे आणि लाटणे उभे करून ठेवले होते. माझा चेहरा पाहून खाला म्हणाल्या, "बेटा, फूल महिनाभरसुद्धा टिकले नाही. मुळे कुजली. मी पाणी कमी घातले, खिडकीतून आत घेतली, तरी गेले. पण एवढी सुंदर वस्तू टाकून कशी देऊ?"

मला शेवयांचा खुर्मा घशाखाली उतरेना. खालांनी ते पाहिले. त्यांनी पळ्या काढल्या, कुंडी पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "रडतोस कशाला? हिला खाली एक भोक पाडून आण. कुंभाराला विचार, तो सांगेल."

आमच्या बाजारात माठ विकणारे एक म्हातारे कुंभारकाका बसत. त्यांनी कुंडी उलटीसुलटी करून पाहिली आणि ते हसले. "पोरा, तू हिचे नाक आणि तोंड दोन्ही दाबलेस की रे!" मी हातोडी आणली होती. ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली. हातोडीचा एक घाव आणि कुंडीची दोन शकले, असे ते म्हणाले. कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, ओल्या गोणपाटावर उलटी ठेवायची आणि जाड खिळ्याने हळूहळू खरवडत सिमेंट काढायचे. मला दोन संध्याकाळी लागल्या. आतला रंग पॉलिश पेपरने घासून काढायला तिसरी लागली. बोटे सोलवटली. बाहेरचा रंगही निम्मा उडाला. नाचणाऱ्यांपैकी पाच-सहा जणांचे पाय गेले.

कुंडी परत घेऊन गेलो, तेव्हा मी विचारले, "खाला, आता कोणते फूल लावू?"

"फूल नको," त्या म्हणाल्या, "पुदिना लाव."

पुढच्या ईदला मी पुन्हा गेलो. खिडकीच्या जाळीत कुंडी होती. पुदिना काठावरून खाली लोंबत होता आणि त्याच्या पानांआडून दोन-तीनच नाचणारे दिसत होते. खालांनी कबाबांबरोबर हिरवी चटणी वाढली. मी दोनदा मागून घेतली.

शब्दार्थ

वर्गणी – चंदा. यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग. कांडी – मागावरील धाग्याची लहान नळी. बद्द – फुटक्या भांड्यासारखा (आवाज). पोपडा – सुटलेला रंगाचा पातळ थर. कूड – काड्यांची, मातीने लिंपलेली भिंत. कुंचला – रंगवण्याचा ब्रश. पिले (रोपाची) – बुंध्याशी फुटणारी लहान रोपे. मान टाकणे – (रोप) कोमेजून वाकणे. हवेत असणे – फार आनंदात असणे. शकले – तुकडे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने वर्गणी का दिली नाही?
(आ) कुंभार कुंडीला भोक केव्हा पाडतो?
(इ) खालांनी कुंडीत काय लावायला सांगितले?

२. "तू हिचे नाक आणि तोंड दोन्ही दाबलेस की रे!" असे कुंभारकाका का म्हणाले, ते चार-पाच वाक्यांत लिहा.

३. 'कुंडी' या शब्दाचा उर्दूत एक अर्थ आहे आणि मराठीत दुसरा. असे आणखी तीन शब्द शोधा व प्रत्येकाचा दोन्ही भाषांतील अर्थ लिहा.

४. तुम्ही ज्यांना कुंडी भेट देणार आहात, त्यांच्यासाठी पाणी आणि ऊन यांविषयी एक छोटी चिठ्ठी मराठीत लिहा.